आली नाही आणि आलीच नाही

गेला महिनाभर बेळगाव तालुक्याच्या एका कोपऱ्यात दहा मिनिटांच्या कार्यक्रमावरून भांडण चाललंय. एका मराठी हायस्कूलची आठवी ते दहावीची मुलं दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, मोबाईलवर आठवड्याच्या बातम्या करतात. लिहिणारी तीच, वाचणारी तीच, ऐकणारीही बहुतेक तीच. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमीपत्र पडतं आणि सोमवारच्या परिपाठाला माईकवर लागतं, एवढाच त्याचा पसारा. जूनपासून कुणाची तक्रार नव्हती. मग मुलांनी 1 नोव्हेंबरबद्दल, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाबद्दल विचारलं. तो इथला मराठी माणूस निषेधाचा ‘काळा दिन’ म्हणून पाळतो आणि सरकार ‘राज्योत्सव’ म्हणून साजरा करतं. पाच आजी-आजोबा, पाच वर्गमित्र आणि सगळ्यांना एकच प्रश्न: या दिवशी तुमच्या घरी काय असतं? कुणी म्हणालं, काळा दिन, फेरी, दंडाला काळी फीत. कुणी म्हणालं, राज्योत्सवाची सुट्टी. एक मुलगा म्हणाला, पप्पा दुकान बंद ठेवतात आणि आम्ही घरात क्रिकेट बघतो.

एवढ्यावर गावात दोन तट पडले. एक तट म्हणतो, शाळेत राजकारण शिरलं, बंद करा. दुसरा म्हणतो, काळ्या दिनाच्या शेजारी राज्योत्सवाचं नाव घेतलंच कसं, आणि शेवटी दोन मिनिटं कन्नडमध्ये सारांश कशाला? तूर्त कार्यक्रम ‘परीक्षा होईपर्यंत’ थांबवलाय. आपल्याकडे ‘परीक्षा होईपर्यंत’ म्हणजे किती दिवस, हे वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. कार्यक्रम चालू राहावा, मुलांनीच चालवावा, विषय त्यांनीच निवडावेत. मोठ्यांनी दोनच कामं करावीत: माहिती खरी आहे का ते तपासायचं आणि मुलांना इजा होणार नाही हे पाहायचं. बाकी लुडबूड नको. आणि हे मी मुलांच्या कोडकौतुकापोटी म्हणत नाही. ज्ञानेश्वरांचं वय काढून असले वाद जिंकायची आपल्याला खोड आहे, तीही मला इथे नको. माझं कारण स्वार्थाचं आहे. ही मुलं ज्याला बातमी म्हणतात ते पाहायची आपल्या सीमाभागातल्या मोठ्या माणसांची सवयच गेलीय.

कशी गेली ते मला ठाऊक आहे, कारण ती घालवण्यात माझाही हात आहे. मी वीस-बावीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. आमच्या टेबलावर एक पत्र्याचा ट्रे होता, त्यावर खडूने लिहिलेलं असायचं: किरकोळ. अमुक गावच्या शाळेचं छप्पर गळतं, तमुक फाट्यावर बस थांबत नाही, पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव गेला आणि पोरं चार मैलांचा वळसा घालून जातात, हे सगळं त्या ट्रेमध्ये पडायचं. पानात जागा उरली तर लागायचं, नाही तर रद्दीत. सीमाप्रश्नाचं काही आलं, मग ते कुणा पुढाऱ्याचं शिळं वाक्य का असेना, की पहिल्या पानावर. 1956 ची राज्य पुनर्रचना, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा 1967 चा महाजन अहवाल, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा. या तीन खुंट्यांना आपलं सगळं वर्तमान बांधलेलं. तो प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. माझ्या घरातही त्यासाठी तुरुंगात गेलेली माणसं होती. पण एका मोठ्या प्रश्नाने बाकीच्या सगळ्यांना किरकोळ ठरवलं. त्या किरकोळ ट्रेमधली माणसं रोज सकाळी बसची वाट पाहत उभीच होती.

2025 च्या फेब्रुवारीत काय झालं आठवा. बेळगावजवळ एका बसमध्ये तिकीट देता-घेताना भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली. मग इकडच्या बसला तिकडे काळं, तिकडच्या बसला इकडे काळं. दोन राज्यांमधली बससेवा काही दिवस थांबली आणि 22 मार्चला कर्नाटक बंदही झाला. पानंच्या पानं भरली. त्या दिवसांत शिनोळी-चंदगडकडून बेळगावच्या कॉलेजांना येणारी मुलं कशी आली, की आलीच नाहीत, हे ठळकपणे कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. अख्खं प्रकरण बसचं, आणि बसमध्ये रोज बसणाऱ्यांना कुणी विचारलं नाही!

आता या मुलांचं काम कसं चालतं ते पाहा. शाळेच्या शिवणवर्गाच्या खोलीत रेकॉर्डिंग होतं, कारण तिथे आवाज घुमत नाही. तरी खिडकीवर एक वाकळ टांगतात. पंखा बंद. बाकावर बाक, त्यावर कंपासपेटी आणि तिला केसांच्या रबराने बांधलेला मोबाईल. मी बोलावल्यावरून तीन-चार शनिवारी गेलो होतो. सल्लागार म्हणून गेलो आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसलो. नववीतली एक मुलगी बातमी वाचत होती: ‘मंगळवारी संध्याकाळी पावणेसहाची बस आलीच नाही.’ पलीकडच्या मुलाने हात वर केला. ‘च काढ.’ का? ‘आली नाही ही बातमी. आलीच नाही म्हटलं की राग आला.’ मुलगी म्हणाली, राग आलाच आहे. मुलगा म्हणाला, तो तुझा, बातमीचा नाही. त्या एका अक्षरावर दहा मिनिटं वाद झाला आणि शेवटी ‘च’ गेला. मी स्टुलावर बसून मनातल्या मनात माझ्या हाताखालून गेलेले हजारो ‘च’ मोजत होतो. रोज रात्री नऊ वाजता टीव्हीवर ‘च’शिवाय दुसरं काय असतं? मुलं बातम्यांसाठी कच्ची, असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या शिवणवर्गात जाऊन बसावं.

तरीही विरोधकांकडे सांगण्यासारखं काहीच नाही, असं नाही. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खरा आहे. पंधरा वर्षांच्या पोराने गावातल्या मटक्याची बातमी केली तर संध्याकाळी त्याच्या दारात कोण उभं राहील? मोठ्या पत्रकारालाही मार बसतो, पण त्याच्या मागे निदान संघटना असते. दुसऱ्या बाजूने, मुलांच्या हातून दुसऱ्या मुलाचं वाटोळं होऊ शकतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम 23 आणि बाल न्याय कायद्याचं कलम 74, दोन्ही मुलांची ओळख उघड करायला मनाई करतात, आणि बातमीदार स्वतः चौदाचा आहे म्हणून कायदा माफ करत नाही. म्हणून माझी मर्यादा स्पष्ट आहे: गुन्ह्याच्या बातम्या मुलांनी करायच्या नाहीत, संकटातल्या मुलाचं नाव-चेहरा दाखवायचा नाही, कुठल्याही कचेरीत एकटं जायचं नाही, सोबत शिक्षक किंवा पालक हवा. पण हे सगळं कशाचं कारण झालं? सावधगिरीचं. बंदीचं नव्हे. विहिरीत पोर पडेल म्हणून आपण कठडा बांधतो, विहीर बुजवत नाही.

दुसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त अडवतो. मुलांच्या तोंडून मोठेच बोलतील, हा तो आक्षेप. आणि मोठ्यांच्या तोंडची वाक्यं पोरांच्या तोंडी घालण्यात आपला भाग पटाईत आहे. झेंडा भगवा असो वा कन्नडचा लाल-पिवळा, मोर्चाच्या पुढच्या रांगेत पोरं उभी करायला कुणालाच संकोच वाटत नाही. निवडणुकीआधी जसे कुकर येतात तसा उद्या शाळेला कॅमेरा येईल, त्यावर देणाऱ्याचं नाव असेल आणि त्या नावाविरुद्ध बातमी होणार नाही. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. 1990 मध्ये तिथे ‘चॅनल वन’ नावाची वाहिनी शाळांत शिरली. शाळांना टीव्हीसंच आणि डिश फुकट, बदल्यात वर्गात रोज बारा मिनिटांचा बातम्यांचा कार्यक्रम दाखवायचा आणि त्यातली दोन मिनिटं जाहिराती. मुलं बसल्या जागी गिऱ्हाईक झाली. ती वाहिनी 2018 मध्ये बंद पडली. पण तो कार्यक्रम मुलांसाठी होता, मुलांचा नव्हता, हे इथे ध्यानात घ्या. मुलांच्या हातातली बातमी कुणी पळवेल ही भीती खरी असेल, तर उपाय ती त्यांच्या हातातून आपणच आधी काढून घेणं, हा कसा? चोर येईल म्हणून आपणच घर लुटायचं?

मोठ्यांनी मुलांसाठी केलेलं सगळंच वाईट, असंही नाही. बीबीसीचा ‘न्यूजराउंड’ 1972 पासून चालू आहे, मोठी माणसंच तो करतात आणि चांगला करतात. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान फुटलं, तेव्हा ब्रिटिश टीव्हीवर ती बातमी सगळ्यात आधी या मुलांच्या कार्यक्रमात लागली. पण बीबीसीकडे जे मनुष्यबळ आहे ते आपल्या कुठल्या वाहिनीकडे आहे? बेळगावच्या मुलासाठी मराठीत बातमी करायला मुंबईहून कोण येणार आणि बंगळूरहून तरी कोण? मुंबईच्या लेखी आम्ही एक ठराव आणि बंगळूरच्या लेखी एक बंदोबस्त. इथली बातमी इथल्याच कुणी केली तर होते.

आणि मुलं करू शकतात का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघालाय. 1975 मध्ये न्यूयॉर्कला ‘चिल्ड्रन्स एक्स्प्रेस’ सुरू झालं: लहान मुलं बातमीदार, थोडी मोठी मुलं संपादक. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात कार्टर यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार वॉल्टर माँडेल असणार, ही बातमी या पोरांनी सगळ्या दिग्गजांच्या आधी फोडली. पण मला त्याहून दिल्लीचं ‘बालकनामा’ मोलाचं वाटतं. रस्त्यावर राहणाऱ्या, काम करणाऱ्या मुलांचं हे वर्तमानपत्र 2003 पासून निघतंय. ज्यांना लिहिता येत नाही ती मुलं त्यात ‘बातूनी रिपोर्टर’ होतात: ती तोंडी सांगतात, लिहिता येणारी उतरवून घेतात. अमेरिकेच्या उपाध्यक्षाची बातमी एका दिवसाची. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही बातमीदार करणारी रीत कैक वर्षं पुरते. आपल्याकडे ऊसतोडीला, वीटभट्टीला येणाऱ्या टोळ्यांची मुलं अर्धं वर्ष शाळेच्या आसपास असतात. त्यांना कुणी विचारलंय, तुमची बातमी काय म्हणून?

अभ्यास बुडतो, हा आक्षेप मी एका वाक्यात बाजूला ठेवतो. गॅदरिंगच्या नाचासाठी महिनाभर तास बुडवणाऱ्या शाळांनी तो काढू नये.

उरला भाषेचा मुद्दा, आणि तोच सगळ्यात जड आहे. शेवटच्या दोन मिनिटांच्या कन्नड सारांशाने ज्यांना लागलं, त्यांना मी हसणार नाही. शाळांत कन्नडला पहिलं स्थान द्या म्हणणारा 1981 चा गोकाक अहवाल आणि त्यापाठोपाठ आलेली कन्नडसक्ती ज्यांनी पाहिली, 1 जून 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गेलेल्यांसाठी हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी जे डोकं टेकवतात, त्यांना मराठी शाळेत आपखुशीने आलेली कन्नडची दोन मिनिटंही बोचणार. आज बोट दिलं की उद्या मनगट जाईल, ही भीती अनुभवातून आलीय. पण सक्ती कशाला म्हणतात? जी वरून येते आणि नाकारता येत नाही, ती सक्ती. इथे कुणी आदेश दिला नव्हता. मुलांनी स्वतः ठरवलं, आणि कारण अगदी व्यवहाराचं होतं: बस न आल्याची बातमी डेपोतल्या कंट्रोलरने ऐकायला हवी, आणि तो गदगचा आहे. त्याला ऐकवायचं तर त्याच्या भाषेत ऐकवा. यात मराठीचं काय गेलं? उलट कंट्रोलरला मराठी पोरांची तक्रार ऐकावी लागली.

इतिहासाचीच भाषा करायची तर आणखी मागे जाऊ. 6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते, आणि मराठीतलं हे पहिलं वर्तमानपत्र द्विभाषिक होतं. एका रकान्यात मराठी, शेजारच्या रकान्यात इंग्रजी. इंग्रजी तेव्हा सत्तेची भाषा होती, आज इथे कन्नड आहे. सत्तेला सुनवायचं तर तिच्या भाषेत रकाना हवा, हे त्या तरुणाला कळलं होतं. त्या दुसऱ्या रकान्याने मराठी बुडाली का? दरवर्षी 6 जानेवारीला आपण पत्रकार दिनाचे हार घालतो ते कुणाला मग?

मराठीतून परिपत्रकं, उतारे, फलक मिळावेत ही सीमाभागातल्या मराठी माणसाची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. भाषिक अल्पसंख्याकांचं रक्षण घटनेतच लिहिलंय. पण ती मागणी आपण कशी मांडतो? घोषणेने. याच मुलांनी ऑक्टोबरात एक बातमी केली होती. एका मुलीची आजी सरकारी दवाखान्यात गेली. कुठल्या खोलीसमोर उभं राहायचं ते फक्त कन्नडमध्ये लिहिलेलं. आजी दोन तास भलत्याच रांगेत उभी राहिली. नात शाळेतून तिथे पोचली, तिने पाटी वाचली आणि आजीला योग्य दारात नेलं. बातमी चाळीस सेकंदांची, त्यात एकही विशेषण नाही. मराठी फलक का हवेत, हे सांगणारी याहून नेमकी गोष्ट मी अनेक वर्षांत व्यासपीठावरून ऐकली नाही. आणि ती सांगता आली कारण नातीला कन्नड वाचता येत होतं.

खुद्द मराठीचंही एक गंमतशीर दुखणं आहे. ही मुलं आपसात ‘काय करूलालास’ म्हणतात आणि मोबाईल चालू झाला की एकदम पुण्याची होतात. पहिल्या काही बातमीपत्रांत तर वाहिनीवाल्यांसारखं ओरडून ‘आत्ताची सर्वात मोठी बातमी’ म्हणायची. सर्वात मोठी बातमी होती पाण्याच्या टाकीचं झाकण. शिक्षिकेने एवढंच सांगितलं, घरी अक्काला सांगतोस तसं सांग. ओरडणं गेलं. पुणं अजून पुरतं गेलेलं नाही, जाईल.

राजकारण नको म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या ‘शक्ती’ योजनेत मुलींना बसप्रवास फुकट झाला. उत्तम झालं. पण शहरातूनच भरून आलेली बस फाट्यावर थांबत नसेल, तर झिरो तिकीट घेऊन ती मुलगी करणार काय? हा प्रश्न विचारणं राजकारण आहे का? असेल तर मुलांनी ते करावं, कारण दहावीनंतर कॉलेज सोडायची पाळी त्यांच्यावर येते, आपल्यावर नाही. आणि कर्नाटक सरकारलाच हे मान्य आहे: 2006 पासून इथल्या ग्रामपंचायतींनी वर्षातून एकदा ‘मक्कळ ग्रामसभा’, म्हणजे मुलांची ग्रामसभा घ्यायची असते. मुलांनी प्रश्न विचारायचे, पंचायतीने उत्तरं द्यायची. मी पाहिलेल्या सभांत भाषण, बिस्किटाचा पुडा आणि फोटो एवढंच झालं, कारण प्रश्न घेऊन कुणी येतच नाही. आठवड्याला दहा मिनिटं बातम्या करणारी पोरं त्या सभेत नुसती बिस्किटं खाऊन उठतील असं वाटत नाही, आणि खरी धास्ती कदाचित तीच असावी.

सरकारी नियमांचा आणखी एक विनोद. सामुदायिक रेडिओला आपल्याकडे स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. पण हवामान, वाहतूक, परीक्षा, पाणी-वीजपुरवठ्याच्या सूचना यांना बातमी धरत नाहीत, त्या चालतात. म्हणजे सरकारच्या व्याख्येत माझा तो किरकोळ ट्रे बातमी नाहीच, ती ‘माहिती’. तसं असेल तर बेळगावच्या ‘वेणुध्वनी’सारख्या केंद्राला महिन्याकाठी अर्धा तास या मुलांना द्यायला काय हरकत आहे? बातमी म्हणू नका. बस, पाणी, परीक्षा म्हणा.

कार्यक्रम चालू ठेवायचा पण प्रत्येक मजकूर आधी हेडमास्तरांनी पास करायचा, अशी तडजोड आता पुढे आलीय. ऐकायला शहाणपणाची वाटते. अमेरिकेत मिझुरीमधल्या हेझलवूडच्या शाळेत 1983 मध्ये प्राचार्यांनी विद्यार्थ्यांच्या अंकातली दोन पानं काढून टाकली. त्यांत अल्पवयीन मातृत्वाबद्दल लेख होता आणि आईवडिलांच्या घटस्फोटाबद्दल. 1988 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने कौल दिला. मोठ्यांनी कात्री चालवली की नेमकं काय जातं, ते यात दिसतं. खोटं जात नाही. मुलांच्या घरात घडणारं, मोठ्यांना अवघड वाटणारं खरं तेवढं जातं. आमच्या इथे पहिलं काय जाईल? क्रिकेट बघणारा तो मुलगा. त्याने दोन्ही तटांची पंचाईत केली, कारण तो खरं बोलला. चूक झाली तर पुढच्या शनिवारी दुरुस्ती वाचा, दोन चुका झाल्या तर दोन वाचा. पण कात्री बाहेरच्या हातात नको.

कार्यक्रम थांबण्याआधीचा शेवटचा कागद माझ्याकडे आहे. तीन आठवडे मुलांनी फाट्यावर वही ठेवून पावणेसहाच्या बसची नोंद केली होती. तारीख, वेळ, आली की नाही, आणि उभ्या असलेल्या दोघांच्या सह्या. मग शिक्षिकेला घेऊन डेपोत गेली. कंट्रोलर म्हणाला, बस रोज सुटते आणि रोज पोचते, आमच्या रजिस्टरला आहे. मुलांनी तेही लिहून घेतलं. शनिवारी त्या मुलीने मजकूर माझ्यापुढे धरला. डेपोचं म्हणणं आधी होतं, वहीतल्या तारखा नंतर, आणि शेवटचं वाक्य होतं: ‘या दिवशी बस आलीच नाही.’ मी पेन उचललं. ती म्हणाली, ‘काका, ते आली म्हणतात. आता तरी च लागतो ना?’ ‘च’ काढायला सांगणारा मुलगाही माझ्याकडेच बघत होता. मी पेन खाली ठेवलं.